सहाशे घोडे आणि दातांचा दोरा

गाडीच्या मागचं अक्षर डॉक्टरांनी दातांच्या दोऱ्याने काढलं. वीस वर्षं लोकांच्या दाढा कोरलेल्या माणसाला हे म्हणजे हातचा मळ. हेअर ड्रायरने गोंद ऊन केला, दोरा आत सरकवला, आणि ज्या अक्षरासाठी जर्मन कंपनीने जवळजवळ दुप्पट किंमत घेतली होती ते अलगद तळहातावर आलं. सध्या ते दवाखान्याच्या खणात, कवळीच्या डबीत होतं.

इलाजच नव्हता. डॉक्टरांची आधीची गाडी दुभाजक चढून फुलझाडांत शिरली, तेव्हा बायकोने बजावलं होतं, "यापुढे साधी गाडी. वेगाचं खूळ पुन्हा घरात आलं, तर दुसऱ्या दिवशी विकून मोकळी होईन." दवाखान्याच्या काउंटरवर तीच बसे. बोलली की करे.

म्हणून डॉक्टरांनी दिसायला साधी, पण पोटात सहाशे घोडे असलेली गाडी आणली आणि घोड्यांची चुगली करणारं ते अक्षर तेवढं काढलं.

"मागे धुराची चार नळकांडी कशाला?" तिने विचारलं.

"दोन शोभेची आहेत."

तेवढं पचलं. आवाज पचेना. गाडी सुरू झाली की समोरच्या घराच्या काचा थरथरत.

"बिघडलेली गाडी गळ्यात मारली तुमच्या," ती कळवळून म्हणाली. "भोळे आहात अगदी." आणि वर्कशॉपची वेळ तिनेच घेतली.

वर्कशॉपची फरशी दवाखान्यापेक्षा स्वच्छ होती. तिथल्या हेडमिस्त्रीने इंजिन सुरू केलं आणि डोळे मिटून ऐकत राहिला. मग मागे जाऊन, अक्षर होतं तिथल्या पुसट खुणेवरून बोट फिरवलं. वर पाहिलं. बायकोच्या पाठीमागे डॉक्टर हात जोडून उभे होते.

"मॅडम, हा आवाज म्हणजे…"

"बिघाडच ना?"

मिस्त्रीने इंजिन बंद केलं. "बिघाडच म्हणायचा."

"मग काढा."

"निघेल. मागच्या झडपा कायमच्या बंद करतो, इंजिन कॉम्प्युटरवरून बांधून टाकतो. चाळीसच्या वर जाणार नाही. पण डॉक्टर, तुमची सही लागेल." ऑपरेशनआधी नातेवाइकांशी बोलतात, तसा तो बोलला.

"अहो, करा की सही!"

एक खरं वाक्य बोलायचं होतं. ते बोललं की घोडे उद्या दुसऱ्याच्या दारात. न बोललं तर आपल्याच दारात, पण पाय बांधलेले. डॉक्टरांनी सही केली.

"इंजिन पुन्हा सोडवायचा गुप्त नंबर कोणाकडे देऊ?"

"माझ्याकडे," बायको म्हणाली. "यांच्याकडे काही राहत नाही."

परतीच्या वाटेवर गाडी फ्रिजसारखी गुणगुणत होती. भाजीच्या पिशव्या लटकवलेली एक स्कूटर त्यांना मागे टाकून गेली. वर स्कूटरवाल्याने हॉर्नही वाजवला.

"बघा, कशी शहाण्यासारखी चालतेय!"

दवाखान्यात डॉक्टर पेशंटला खुर्चीत आडवा करत, तोंडात कापूस कोंबत आणि सांगत, दुखलं तर डावा हात वर करा. हात वर झाला की यंत्र न थांबवता म्हणत, झालंच आता. काउंटरवरून बायको हे रोज ऐके.

डॉक्टरांचा डावा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि हळूहळू वर गेला.

बायकोने तो पाहिला. त्यांच्या गुडघ्यावर थोपटत म्हणाली, "झालंच आता. घर आलं."