पांढरी, लाल आणि बादलचा शब्द

प्रेमसिंग राठोडला गाडी हवी होती ती पोरीसाठी. ममता दिलेली मारेगावला, आणि पहिलं बाळंतपण माहेरी, उमरखेडजवळच्या तांड्यावर करायचं ठरलं होतं. सातव्या महिन्यात तिला एसट्या बदलत आणायला चंदाबाईचा जीव धजेना. जुनी असली तरी चालेल, पण गाडी घरची पाहिजे, असं तिनं नवऱ्याला सांगून टाकलं. म्हणून मंगळवारी दोघं मोटरसायकलवर बसून उमरखेडच्या बाहेर जुन्या गाड्यांच्या दुकानात आले.

मोटरसायकल स्टँडला लावतो न लावतो तोच एक विक्रेता धावत आला.

"या काका, या काकू! मी सुनील. तुमचीच वाट पाहून राह्यलो होतो."

आपण येणार हे याला कोणी सांगितलं, याचाच प्रेमसिंग विचार करत होता, तोवर हातात चहा आला आणि हातातली चावी गेली.

"मोटरसायकलची किंमत काढून आणतो. गाडीत वळती करून टाकू."

"पण मोटरसायकल मले विकाची नाई."

"नका ना विकू! किंमत तं पाहू," सुनील म्हणाला, आणि चावी आतल्या खोलीत गेली.

मग त्यानं प्रेमसिंगला एका पांढऱ्या गाडीत बसवलं. स्टेअरिंग धरायला लावलं, फोटो काढला, काकूला शेजारी बसवून आणखी एक काढला. मधेच त्याचा फोन वाजला. "हाव साहेब, कळंबहून निघाले का? पण इथं एक काका आधीच बसले ना गाडीत. त्यायनं घेतली म्हणून समजा."

घेतली? प्रेमसिंगनं अजून किंमतही विचारली नव्हती. पण कळंबचा कोणी गाडी न्यायला निघाला म्हटल्यावर हात स्टेअरिंगवरून निघेना. उतरलो तर गाडी जाईल, बसून राहिलो तर घेतल्यासारखं होईल.

चंदाबाईनं त्याला कोपरानं ढोसलं आणि त्यांच्या गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, हळूच म्हणाली, याचं तोंड फार चालते, उतरा खाली.

मागून कोणीतरी हसलं. दुसरा विक्रेता, पंचविशीतला, खिडकीशी उभा होता. "याडी," त्यानं आईला मारावी तशी हाक मारली, "मी पण तांड्याचाच हाय. बादल पवार."

चंदाबाईनं लाजून पदर सावरला. सुनील फोनवर बोलत लांब गेला, तसा बादल वाकला.

"काका, धोळी मत लेस."

पांढरी घेऊ नका. मागच्या पुरात ही गाडी पाण्यात उभी होती, आतून गंजली आहे. शेजारची लाल घ्या, असं तो भराभर गोरबोलीतच सांगत सुटला. प्रेमसिंगला बरं वाटलं. परक्या ठिकाणी आपला माणूस भेटला. तो उतरून लाल गाडीपाशी गेला.

सुनील परत आला आणि त्यानं कपाळाला हात लावला. "लाल कायले पाहता काका? ते बादलच्या वाट्याची हाय, कमिशन त्याले. म्हणून सांगून राह्यला तो!"

"आन पांढरीचं कमिशन कोणाले?" चंदाबाईनं विचारलं.

सुनीलनं खिशातला रुमाल काढून पांढरीची काच पुसायला घेतली.

आता प्रेमसिंगचं डोकं पार गरगरायला लागलं. पांढरीत पुराचं पाणी होतं की बादलच्या मनात? आपली बोली बोलणारा खोटं बोलेल का? पण दुकानात गिऱ्हाइकाशी आपल्या बोलीत बोलणं, हीसुद्धा विकायचीच तऱ्हा असेल तर? त्यानं बादलला बाजूला घेतलं.

"घे सेवालाल महाराजाची शपथ. खरं सांग."

बादलचा चेहरा एकदम उतरला. तो खाली मान घालून म्हणाला, "शपथ नका घालू काका. मले महिन्याच्या ठरलेल्या गाड्या विकून पुऱ्या करा लागतात."

"मंग पांढरी पाण्यात होती का नाई?"

बादल सरळ आत गेला, मोटरसायकलची चावी आणली आणि प्रेमसिंगच्या मुठीत दाबली. "जा तुम्ही. सुनील पाहाच्या आत निघा."

दोघं निघाले. मागून सुनील ओरडत होता, किंमत कमी करत होता, पण चंदाबाईनं मागे वळून पाहिलं नाही. वाटेत प्रेमसिंगनं दोनदा मोटरसायकल थांबवली.

"चंदा, त्या पोरानं आपल्याले वाचवलं का हाकललं?"

"मले इचारू नका. मले तं वाटते, त्यालेच माहीत नसंल."

पंधरवड्यानं ममताला भाड्याच्या जीपनं आणलं. चंदाबाईनं गोधड्यांवर गोधड्या घातल्या, पोर निवांत झोपून आली. पुसद मागे पडल्यावर तिनं डोळे उघडून विचारलं, "बापू, गाडी घेणार होते नं तुम्ही? मंग काहून नाई घेतली?"

प्रेमसिंगनं पांढरीपासून सुरुवात केली, कळंबच्या माणसापर्यंत आला, लालपाशी अडखळला, पुन्हा पांढरीवर गेला. शेवटी जीपचा ड्रायव्हरच म्हणाला, "काका, थांबा. कोणती पाण्यात होती?"

"तेच तं म्हणतो मी," प्रेमसिंग म्हणाला.