मधली आठ पानं

वाचनालयाच्या मंडळाचा नियम साधा होता. महिन्याला एक पुस्तक. प्रत एकच, ती चार-चार दिवस प्रत्येकाच्या घरी फिरायची. जो न वाचता येईल, त्यानं पुढचा महिनाभर कपाटं पुसायची. त्यामुळे 'मी वाचलं नाही' असं सहा वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं.

या वेळचं पुस्तक बारा लेखकांच्या बारा कथांचं होतं. त्याची बांधणी मंडळातल्याच बाइंडरनं निवृत्त होता होता स्वतः केली होती. त्यातली नववी कथाही त्याचीच होती, टोपणनावानं. हे छापखान्याच्या मालकाखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

कथा त्यानं एकाच माणसासाठी लिहिली होती. आज बैठकीत खिडकीशी बसलेल्या आपल्या वहिनीसाठी. त्याचा थोरला भाऊ, म्हणजे तिचा नवरा, इस्पितळात शेवटच्या दुखण्यानं पडला, तेव्हा वहिनीनं आपल्या सख्ख्या भावाकरवी निरोप धाडला होता. तो मिळालाही होता. बाइंडर वॉर्डाच्या दारापर्यंत गेला, नळ्या लावलेला भाऊ त्यानं लांबून पाहिला आणि तिथूनच मागे फिरला. पुढे वहिनीनं विचारलं, तेव्हा तोंडातून निघून गेलं, "मला कुणी कळवलंच नाही." त्या दिवसापासून नऊ वर्षं वहिनीनं आपल्या भावाचं तोंड पाहिलं नव्हतं.

समोरासमोर सांगायची छाती झाली नाही, म्हणून त्यानं कथा लिहिली. वाचली की तिला कळणारच होतं.

"आता नववी," कंपाउंडर म्हणाला. "सुरुवात झकास. तो जिना, तो औषधांचा वास. वा!"

"शेवटही चटका लावतो," शाळेतल्या बाई म्हणाल्या. "मध्ये जरा रेंगाळलीय."

"रेंगाळलीय? अहो बाई, मधला भाग तर खरा कस!"

"कुठला भाग?"

"म्हणजे… एकूणच सगळा."

"कंपाउंडर, पुडीत काय बांधलंय ते सांगा की!"

सगळे हसले. बाइंडरनं पुस्तक पुढ्यात ओढलं. अंगठा पानांच्या वरच्या कडेवरून फिरला आणि अडला. घडी तशीच होती. कटिंगच्या वेळी हा फर्मा, घडी घातलेला छापील कागद, आत सरकला असणार. पातं त्याला लागलंच नव्हतं. कथेचं पहिलं आणि शेवटचं पान मोकळं होतं. मधली आठ वरून जोडलेली होती. चाळीस वर्षांत त्याच्या हातून अशी प्रत सुटली नव्हती. सुटली ती ही. आपल्या पाळीच्या चार दिवसांत त्यानं ती उघडलीही नव्हती.

म्हणजे कुणीच वाचलं नव्हतं. त्याला आधी हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

"वहिनी, तुमचं मत?" बाईंनी विचारलं.

"कपाटं मी पुसीन," वहिनी म्हणाली. "पानं जोडलेली आहेत. फाडायला माझा हात धजेना."

कंपाउंडर चष्मा काढून पुसू लागला. बाई टेबलाकडे बघत राहिल्या.

"भावोजी, तुमचंच काम हे. उघडून देता?"

'नवी प्रत आणून देतो' एवढं म्हणालं की झालं असतं. प्रत कधीच आली नसती. शब्द ओठांवर आलेही होते. पण हात सवयीनं खिशात गेला होता आणि घड्या मोडायची हाडाची पट्टी बाहेर आली होती. त्यानं एकेक घडी सावकाश कापली. कड कुठेही फाटली नाही.

"वाचा," तो म्हणाला. "मी लिहिली आहे."

वहिनी वाचू लागली. सहाव्या पानावर तिचं बोट थांबलं.

"माझा दादा शपथेवर सांगत होता, निरोप दिला होता म्हणून," ती हळू म्हणाली, "आणि मी त्याच्या तोंडावर दार लावलं."

तिनं पुस्तक मिटलं, चपला घातल्या.

"मी येऊ सोबत?" बाइंडरनं विचारलं.

"नको. त्याच्याकडे माझी मी जाईन." दारात ती थांबली, पण वळली नाही. "कपाटं मात्र तुम्ही पुसायची, भावोजी."

बाइंडर उठला. फडकं कुठे असतं, ते त्याला माहीत नव्हतं. बाईंनी मुकाट्यानं खुंटीकडे बोट दाखवलं.