खाली गेल्यावर बघू

आमच्या घरात 'लाल' हा शब्द म्हणजे चेष्टा होऊन बसला होता. चहा गार झाला की आमचे हे कप टेबलावर ठेवून म्हणायचे, "लाल!" नळ गळायला लागला की लाल, माझा आवाज जरा चढला की लालच लाल. हा सगळा त्या स्पोर्ट्‌सकारचा प्रताप.

गाडी जुनीच होती, पण यांनी ती शोरूममधून, रीतसर शिक्क्यानिशी घेतली. दोनच माणसांची गाडी. मागे सीट नाही, डिकीत स्टेपनी नाही, आणि आत शिरायचं तर आधी जमिनीवर बसायची तयारी हवी. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, पांढरा हत्ती आणलात दारात. पण मी प्रत्येक गोष्टीला काहीतरी म्हणतेच, असं या घराचं मत आहे आणि ते खोटं नाही. सोफा आला तेव्हा म्हटलं होतं, पडदे आले तेव्हाही म्हटलं होतं. त्यामुळे माझं बोलणं आमच्याकडे पंख्याच्या आवाजासारखं चालू असतं, कुणी लक्ष देत नाही.

शोरूमची एक पद्धत होती. गाडी वर उचलली की मेकॅनिक खालून मोबाइलवर तिचं शूटिंग करायचा, एकेका भागावर बॅटरी मारत बोलायचा आणि ते गिऱ्हाइकाला पाठवायचा. बरं असेल ते हिरवं, थोडे दिवस चालेल ते पिवळं, ताबडतोब बदलायचं ते लाल. नंबर यांनी माझा दिला होता, कारण शोरूमचे फोन घ्यायचा यांना कंटाळा. पहिल्या वेळी वायपर लाल, एसीचा फिल्टर लाल, किल्लीतला सेलसुद्धा लाल. नुसतं इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलण्याचा जो आकडा त्यांनी सांगितला, त्यात आमच्या साध्या गाडीचं वर्षभराचं सगळं होऊन वर तिला नवे टायर आले असते. यांनी एकदा दात-ओठ खात पैसे भरले. मग कुठूनतरी एक चिमुकलं यंत्र मागवलं. ते स्टिअरिंगच्या खाली लावायचं, एक बटण दाबायचं, की काचेवरचा 'सर्व्हिस करा' हा दिवा विझतो.

"झाली सर्व्हिस," हे म्हणायचे आणि हात झटकायचे.

मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे तरी न्या, आपली दुसरी गाडी तोच तर बघतो. तर तेही नाही. बाहेरच्याचा हात लागला तर शोरूमचा शिक्का जाईल, गाडीची किंमत जाईल. म्हणजे शोरूमवाले लुटतात म्हणून तिथे न्यायची नाही, आणि बाहेरचा स्वस्तात करतो म्हणून त्याच्याकडेही न्यायची नाही. रविवारी पुसायची, तलावाकडच्या सरळ रस्त्यावर एक चक्कर मारायची आणि आणून झाकून ठेवायची. आम्ही राहतो वर पठारावर, शोरूमही वरच, शहर आहे खाली, मध्ये लांबलचक घाट. तो घाट यांनी त्या गाडीला कधी दाखवलाच नाही. वळणांवर टायर झिजतात म्हणे.

मग शोरूमने फुकट तपासणीचं आमंत्रण पाठवलं. फुकट म्हटल्यावर हे गेले, कॉफी पिऊन आले. संध्याकाळी माझ्या फोनवर व्हिडिओ आला. फोन बरणीला टेकवून मी भाजी चिरत होते. तोच आधीचा मेकॅनिक, चेहरा दिसला नाही, पण आवाज ओळखू आला. पाढे म्हणावेत तसा एका सुरात बोलत होता. वायपर लाल, फिल्टर लाल, बॅटरी लाल. हे मागे उभे होते, तिसरा लाल ऐकल्यावर हसत बाहेर निघून गेले.

त्यानंतर त्याने ब्रेक ऑइलची बाटली उघडली आणि त्यात पेनासारखं काहीतरी बुडवलं. पेनाच्या टोकाला दिवे होते, ते सगळेच्या सगळे लागले. आणि तो बोलायचा थांबला. चित्र जरा हललं, बहुतेक त्याने मागे वळून कोण आहे ते बघितलं असावं. मग अगदी हळू, एखाद्या नातेवाइकाला सांगावं तसं म्हणाला, "ताई, दादा, जे कोणी बघत असाल. बाकीचं राहू द्या, पण एवढं करून घ्या. या ऑइलने पाणी धरलंय. सपाटीवर काही कळायचं नाही. लांब उतारावर ब्रेक तापले की हे उकळतं आणि मग ब्रेक लागतच नाही."

माझी सुरी हातातच राहिली. मी पुन्हा लावून ऐकलं. यांना बोलावून ऐकवायला गेले, तर म्हणाले, "बाटलीभर तेलाचे ते किती मागतात माहीत आहे का तुला?" मी म्हटलं, माहीत आहे, आकडा खाली लिहिलाय. "मग झालं तर. चोर आहेत." आणि तेव्हा मीही सोडून दिलं, कारण गाडी कुठे घाट उतरणार होती.

पण यांची पाठ धरली. त्या सीटवरून उठायला यांना दोन माणसं लागू लागली, तेव्हा एक दिवस यांनी जेवताना जाहीर केलं की गाडी टिल्लूला देऊन टाकायची.

टिल्लू म्हणजे माझा धाकटा दीर. आता छताला डोकं लागेल एवढा उंच आहे, पण मी लग्न होऊन आले तेव्हा दप्तरापेक्षा फार मोठा नव्हता. सासूबाई अंथरुणावर, म्हणून त्याचे डबे, त्याची आजारपणं, त्याचा अभ्यास, सगळं माझ्याकडे. मला मूलबाळ नाही. लोक म्हणतात, मुलासारखा वाढवलात हो. 'सारखा' कशाला म्हणायचं ते मला कळत नाही. आता तो आणि त्याची बायको खाली शहरात राहतात.

आणि नेमकी इथेच माझी जीभ मला नडली. गाडी द्यायचं ठरलं त्याच जेवणात मी म्हणून गेले होते की विकून टाका, घराचं छप्पर गळतंय. तेव्हा ती दोघं आली होती, जावेने ते ऐकलं होतं. नंतर मी ब्रेकचं काढलं तेव्हा तिला वाटायचं तेच वाटलं.

तरी मी गप्प बसले नाही. यांना न सांगता शोरूममध्ये गेले. काचेची खोली, गुळगुळीत फरशी, कॉफीचं यंत्र. काउंटरवरचा मुलगा फार गोड बोलला. मी म्हटलं, मला फक्त ब्रेक ऑइल बदलून हवंय, पैसे मी देते. तो म्हणाला, "मॅडम, तेवढं एकटं होत नाही, ते पॅकेजमध्ये येतं." पॅकेजमध्ये वायपर होते, फिल्टर होता, किल्लीतला सेल होता. तो आकडा माझ्या आवाक्याबाहेरचा होता, पण बांगड्या मोडून भागला असता. तर म्हणाला, सध्या तारीख नाही, पुढच्या महिन्यात बघू.

मी त्याला व्हिडिओ लावून दाखवला आणि म्हटलं, या मेकॅनिकशी मला बोलायचंय. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त आवाज बदलला. "तो आता आमच्याकडे नाही. बाकीचं राहू द्या असं त्याने गिऱ्हाइकाला सांगायला नको होतं."

परत येताना मनात एकच येत होतं. ज्याने एकदाच खरं सांगितलं त्याला घरी बसवलं, आणि जे उरले ते पाढे म्हणणारे.

टिल्लू आणि जाऊ शनिवारी मुक्कामाला आले, रविवारी सकाळी गाडी घेऊन जायची होती. मी सकाळच्या चहासोबत त्याच्यासमोर फोन ठेवला. त्याने सगळं ऐकलं, शेवटची कुजबुजसुद्धा, आणि मोठ्याने हसला.

"वहिनी, हे तर त्यांना शिकवतात गं! आधी दहा गोष्टी सांगायच्या, मग हळूच म्हणायचं, बाकीचं राहू द्या. माणसाला वाटतं, हा आपला माणूस. माझ्या ऑफिसात विक्रीवाली पोरं हेच करतात."

"त्याची नोकरी गेली रे त्यामुळे."

"असं काउंटरवाला म्हणाला ना? तोही त्यांचाच."

तो उठला, गाडी काढली, गल्लीत जोरात नेली आणि आमच्या फाटकासमोर कचकन थांबवली. गाडी जागच्या जागी उभी राहिली. काचेवर एकही दिवा नाही. हे म्हणाले, "बघ. हिरवं." सगळे हसले.

"कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला उठवते," मी म्हटलं. "बाटलीभर तेलाचं काम आहे, तासाभरात करून देईल."

"रविवारी बंद असतं ते," हे म्हणाले. "आणि मी सांगितलंय, बाहेरचा हात लावायचा नाही."

"मी करून घेतो ना वहिनी," टिल्लू समजुतीच्या सुरात म्हणाला. "आमच्या इथे ओळखीचा आहे एक. खाली गेल्यावर बघू."

"खाली गेल्यावर काय करायचंय? खाली जाईपर्यंतच तर भीती आहे."

तेव्हा जावेने गॉगल डोक्यावर सरकवला. ती वाईट मुलगी नाही, पण त्या दिवशी तिचाही धीर सुटला होता. "ताई, तुम्हाला द्यायचीच नव्हती तर सरळ सांगायचं होतं. आम्ही मागितली नव्हती."

यांनी माझ्याकडे असं बघितलं की मेल्याहून मेल्यासारखं झालं. टिल्लू किल्लीशी चाळा करत खाली बघत होता. मला रडू येत होतं, आणि रडले असते तर तेही गाडीसाठीच धरलं गेलं असतं.

बोलून काही होणार नाही हे मला तेव्हा कळलं. एवढ्या वर्षांत मी सोफ्यावर, पडद्यांवर, कुणाच्या केसांवर इतकं बोलून ठेवलं होतं की खरं बोलायची वेळ आली तेव्हा शब्दांना धारच उरली नव्हती. जाऊ आपली पर्स घेऊन गाडीच्या दाराशी गेली. मी तिच्या आधी पोचले, दार उघडलं आणि आत जाऊन बसले. पट्टा लावला. गाडीत दोनच जागा.

"वहिनी, उतर."

"नाही."

"अगं, काय लहान मुलासारखं चाललंय तुझं?" हे म्हणाले.

"तिला तुमच्याबरोबर आपल्या गाडीतून घेऊन या," मी म्हटलं. "मला या गाडीत बसायची फार हौस आहे. एकदा फिरवून आणू दे. मग मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

जावेने ओठ मुडपले. तिला तिचंच म्हणणं खरं झाल्यासारखं वाटलं असणार, आणि वाटू दे. ती मागच्या गाडीत जाऊन बसली. एवढं साधलं. आता टिल्लूला सावकाश न्यायचं, दर थोड्या अंतरावर थांबवायचं, मला मळमळतंय म्हणायचं, काहीही म्हणायचं, असं मी मनाशी ठरवत होते.

पण तो चिडला होता. माझ्यावर तो कधी चिडत नाही, म्हणून मला ते लवकर ओळखू आलं नाही. पठार संपलं, घाट सुरू झाला, आणि त्याने गाडी सोडली. वळण अगदी जवळ येईपर्यंत वेग ठेवायचा आणि मग ब्रेक दाबायचा. प्रत्येक वेळी गाडी थांबत होती. प्रत्येक वेळी तो माझ्याकडे बघत होता.

"लागतोय ना?"

"लागतोय. टिल्लू, हळू ने."

"अजून बघ."

"मला मळमळतंय. थांबव जरा."

"पुढे जागा आहे, तिथे थांबतो."

एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला नुसता कठडा आणि त्याखाली झाडांचे शेंडे. मी पाय गाडीच्या तळावर रोवून बसले होते. जळकट वास यायला लागला, तसा मी त्याच्या दंडाला हात लावला आणि म्हटलं, बाबा, मी चुकले, गाडी चांगली आहे, तूच खरा, आता थांब. आयुष्यात मी कुणाला असं म्हटलं नव्हतं. तो हसला, त्याचा राग झर्रकन उतरला आणि त्याने थांबायला ब्रेक दाबला.

गाडी थांबली नाही. त्याचा गुडघा सरळ झाला, त्याने पाय उचलून पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. मी म्हटलं, गिअर खाली घे, हँडब्रेक, खडकाच्या बाजूला घे. त्याने गिअर खाली घेतला, इंजिन ओरडलं, पण समोरचं वळण तेवढ्याच वेगाने येत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. आपला मोकळा हात तेवढा माझ्या छातीसमोर आडवा धरला, जसा काही तो हात मला अडवून धरणार होता.

माझ्या बाजूच्या आरशात मागची गाडी दिसत होती. आम्ही शर्यत लावली आहे असं वाटून जाऊ खिडकीतून हात हलवत होती.