काचेखालचे डाग

नागबाबांचा दरबार भरला की धायरीत दुचाकी लावायला जागा उरत नसे. दारातच सेवेकरी प्रत्येकाच्या हाताला भस्म चोळत. थोड्या वेळात हात खाजू लागे, लाल चट्टा उठे. मग बाबा त्यावर स्फटिकाची तबकडी दाबत आणि चट्टा सगळ्यांदेखत पांढरा पडे. "नागाचं विष उतरलं," बाबा माइकवरून सांगत. विष तबकडी उचलेपर्यंतच उतरलेलं असे, पण तोवर पुढचा भक्त आलेला असे.

माझी शेजारीण मैनामावशी गुडघेदुखीसाठी तिथे जाऊ लागली. बाबांनी रोज पाण्यातून घ्यायला अंगारा दिला. गुडघेदुखी खरंच थांबली आणि मावशीने मला शहाणपणा शिकवू नको म्हणून बजावलं. मग तिच्या पोटऱ्यांवर जांभळट, हाताला लागणारे ठिपके उठले. बाबांनी तबकडी दाबली. ठिपके ढिम्म हलले नाहीत.

"तुझ्या मनात शंका हाय," बाबा म्हणाले आणि त्यांनी दुप्पट अंगारा व अनवाणी प्रदक्षिणा सांगितल्या. ती बिचारी उन्हातान्हात चालत राहिली. घोटे सुजले, ठिपके मांड्यांपर्यंत चढले. एका सकाळी लघवी लालसर झाली तेव्हा ती घाबरून माझ्या दारात आली. बाबांना बडवावं असं मला वाटलं. त्याऐवजी रिक्षा बोलावली.

त्वचारोगतज्ज्ञ डॉ. नजमा यांनी टेबलावरचा पाण्याचा पेला ठिपक्यांवर दाबला. मग मला माझा हात लाल होईपर्यंत खाजवायला लावून तिथे दाबला. माझा चट्टा पांढरा पडला, मावशीचे ठिपके तसेच राहिले.

"तुमचं रक्त नळीतच आहे, दाबलं की बाजूला सरतं," त्या म्हणाल्या. "यांच्या बारीक रक्तवाहिन्या सुजल्यात, रक्त कातडीत झिरपलंय. ते काचेला घाबरून कुठे जाणार?"

असा दाह कधी संसर्गानंतर होतो, कधी एखाद्या औषधाने, कधी कारण सापडतही नाही, असं त्यांनी सांगितलं. नवीन काय घेताय, या प्रश्नावर मावशी उत्तरली, फक्त अंगारा.

प्रयोगशाळेत त्या अंगाऱ्यात वेदनाशामक गोळ्यांची पूड निघाली. गुडघ्यांचा चमत्कार तिचाच, आणि डॉक्टरांच्या मते ठिपक्यांचं कारणही बहुधा तीच. उभं राहून, चालून ते वाढले होते. लघवीत रक्त होतं; दाह मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी अंगारा बंद केला, पाय उशीवर उंच ठेवून विश्रांती सांगितली, दाह कमी करणारी औषधं दिली आणि लघवी पुन्हापुन्हा तपासली. ठिपके तपकिरी होऊन मावळले. मूत्रपिंडं वाचली.

मावशी चालायला लागली ती थेट दरबारात. मी आणि डॉ. नजमा मागे होतो. डॉक्टरांनी आणलेली, खाज आणणारी खाजकुयलीच्या शेंगेवरची कुसं तिने स्वतःच्या हातावर चोळली, वर पेला दाबला आणि पांढरा पडलेला चट्टा लोकांना दाखवला. बाबांच्या भस्मात हेच होतं, तेही प्रयोगशाळेनेच सांगितलं होतं. सेवेकऱ्यांनी माइक बंद केला, पण तिला माइकची गरज नव्हती.

"माझ्या मनात शंका नव्हती, बाबा. म्हणूनच मरायला टेकले होते."

बाबा मागच्या दाराने सटकले. गर्दीतली शालू नावाची एक बाई तेवढी पुढे आली, डॉक्टरांसमोर बसली आणि तिने लुगड्याचा काठ वर केला. तिच्याही पोटऱ्यांवर तेच ठिपके होते.

वाचकहो, अंगावर काच दाबूनही फिके न पडणारे जांभळे ठिपके दिसले तर डॉक्टर गाठा. जो शंका घेऊ नका म्हणतो, त्याच्यावर सगळ्यात आधी शंका घ्या.