कॉम्प्युटरच्या उंबऱ्यावरचं भूत

त्या शनिवारी मुतालेच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळं किट्वे शहर इथंच लोटलं की काय, असं वाटत होतं. दारात माणसं, खिडकीत माणसं आणि मधे टेबलावर त्याचा जुना कॉम्प्युटर. भुतं उतरवणारे धर्मगुरू, प्रॉफेट एलिफाज, आले होते. पांढरे बूट, जांभळा कोट, हातात तेलाची बाटली. सर्दीपासून सासूपर्यंत सगळ्यांवर हे गृहस्थ एकच तेल लावतात.

मुतालेचं दुखणं मात्र खरं होतं. बटण दाबून चुलीवर घेवडा चढवावा, तर तो शिजला तरी पासवर्ड टाकायची वेळ येत नसे. पासवर्ड टाकला की पुन्हा चक्र फिरत बसायचं. पोरांचा सगळा अभ्यास त्याच्यावर! आणि हे सुरू झालं ते त्याची म्हातारी आत्या गावाहून राहायला आली त्या महिन्यापासून. एलिफाजना एवढं निमित्त पुरलं.

"आत्याच्या गाठोड्यातून भूत आलंय!" ते गरजले. "यंत्राच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसलंय. डोळे मिटा सगळ्यांनी!"

सगळ्यांनी मिटले. मी शेजारीण, शाळेत विज्ञान शिकवते, मीही मिटले. प्रार्थनेला डोळे उघडे ठेवणं आमच्याकडे वाढलेल्या ताटाला लाथ मारण्यासारखं.

"मेलास ना? आता ऊठ!" प्रॉफेट कॉम्प्युटरवर ओरडले.

डोळे उघडले, तर मघाचा चालू पडदा काळा झालेला; तो क्षणात उजळला. पासवर्ड टाकताच सगळं हजर. बायका नाचायलाच लागल्या.

"तूर्त पळालंय," प्रॉफेट म्हणाले. "पण चेटकीण घरात आहे तोवर परत येणार."

आणि आलं! रात्री मुतालेनं कॉम्प्युटर नेहमीसारखा बंद केला, सकाळी पुन्हा तेच रडगाणं. झालं, आरोप सिद्ध. त्यानं स्वतःच्या हातानं आत्याचं गाठोडं बांधलं. गावी तिची झोपडी पडलेली, आणि 'चेटकीण' हा शब्द तिच्याआधी तिथं पोचणार होता. असा शिक्का बसलेल्या म्हातारीला तिथं दगडांनी मारतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक तिच्याकडे गेले.

"पोरी, मी डोळे मिटले नव्हते," ती म्हणाली. "माझ्याच गळ्याला फास, मी कशाला मिटू? त्यानं एक बटण दाबलं नि पडदा काळा झाला. पण खालचा बारका दिवा लुकलुकत होता. मेलेल्याचा श्वास चालतो होय गं?"

कॉम्प्युटर बंद केलाच नव्हता, नुसता झोपवला होता. झोपलेला हाक मारली की उठतोच.

आत्याच्या निरोपाच्या प्रार्थनेला प्रॉफेट आले, मागोमाग गर्दी. मी कॉम्प्युटर रीतसर बंद केला, प्लग उपसला आणि पुन्हा लावला.

"प्रॉफेट, आज आम्ही डोळे उघडे ठेवतो. उठवा."

त्यांनी बटण दाबलं. तेल झालं, आरोळ्या झाल्या, घाम आला. यंत्र आपल्या गतीनं कुंथत राहिलं.

"इथं कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय!"

"कॉम्प्युटरचाच असेल!" खिडकीतून कुणीतरी ओरडलं, आणि हसू फुटलं.

शेवटी एकदाचा तो सुरू झाला. मग मुतालेला विचारून, बटण दाबताच आपणहून जागे होणारे प्रोग्रॅम मी सगळ्यांना दाखवले. कधीच विकून टाकलेल्या प्रिंटरचा, पोरांच्या खेळांचे, आणि सगळ्यांच्या पुढे प्रॉफेटांच्या हसऱ्या फोटोसकट 'सकाळचा आशीर्वाद'. आत्या आली त्याच महिन्यात त्यांच्या चेल्यांनी तो घरोघर बसवला होता. रोज सुरू होताच तो जुनी प्रवचनं उतरवून घ्यायचा. डिस्क गळ्यापर्यंत भरली होती.

"भूत सापडलं," मी म्हणाले. "पांढरे बूट घालतं."

मी ते सगळं काढून टाकलं, जागा मोकळी केली, पुन्हा सुरू केलं. म्हाताऱ्या यंत्राच्या मानानं ते तुरुतुरु चाललं. तोवर प्रॉफेटांना दुसऱ्या घरचा आजारी आठवला होता.

"यंत्र अडलं तर यंत्र तपासा," मी गर्दीला म्हटलं. "कारण शोधायचा कंटाळा म्हणून माणसाचा बळी देऊ नका. आज एक म्हातारी मेली असती, आणि कॉम्प्युटर तरीही रखडतच राहिला असता."

मुताले आत्यापुढे गुडघ्यांवर बसला. "आत्या, चुकलो. आत चल."

आत्यानं गाठोडं त्याच्याकडे सरकवलं. "तू बांधलंस. तूच सोड."