यादीबाहेरचं देणं

वरच्या डाव्या बाजूचा सुळा किंचित आत वळलेला — इतका किंचित की शेजारी सरळ दात ठेवून पाहिल्याशिवाय कुणाच्या ध्यानात येऊ नये — आणि त्याच्या मुळाशी गुलाबी हिरडीत नखाच्या टोकाएवढा खळगा. त्याने कवळी तळहातावर पालथी केली. टाळूच्या मधोमध तडा, तड्यात पिवळट पडलेला गोंद. पुन्हा सुलटी केली. दात असे कोणी लावत नाही. गिऱ्हाइकाला सरळ दात हवे असतात, सत्तरीच्या माणसालाही विशीतले दात हवे असतात, आणि कारागीर मुकाट्याने ते लावून देतो. हा सुळा मुद्दाम वळवलेला होता. मेण मऊ असताना, अंगठ्याने, एका जुन्या फोटोकडे बघत. तो अंगठा आत्ता त्याच सुळ्यावर होता.

अक्काची कवळी.

पिशवीला चिठ्ठी टाचलेली होती. दातांच्या डॉक्टरांकडून कामं येतात ती अशीच, पेशंटचं नाव नसतं, नंबर असतो. दुरुस्ती. स्त्री, वय चौसष्ट. शुक्रवारपर्यंत. पैसे भरले. शेवटच्या दोन शब्दांखाली रिसेप्शनवरच्या मुलीने रेघ ओढली होती.

त्याला काही वाटलं नाही. म्हणजे जे वाटायला हवं होतं ते वाटलं नाही, आणि डोकं आपलं नेहमीसारखं कामाच्या मागे गेलं: हा झटपट चिकटणारा घरगुती गोंद, तोंडातल्या ओलाव्यात एवढा पिवळा पडायला सहा आठवडे तरी लागतात, दोन महिनेही. तड्याच्या कडा झिजून गोल झाल्या आहेत. म्हणजे मोडल्यावरही ती वापरत होती. दोन महिने... मागच्या रविवारी तो आणि बायको तिच्याकडे गेले होते तेव्हा ती चहात बिस्कीट बुडवून बुडवून खात होती आणि म्हणत होती, तुम्ही जेवा, मला आज पोट जरा जड आहे. त्याआधीच्या खेपेलाही पोट जड होतं. बायको परत येताना म्हणाली होती, वन्सं वाळल्या हो. तो म्हणाला होता, वय आहे.

अर्ध्या तासाचं काम. माझ्या हातचं, फुकट होणारं काम. त्यासाठी ती डॉक्टरकडे नंबर लावून बसली आणि पैसे मोजून आली.

"काय रे, प्रदर्शन मांडलंयस का?" मालक मागून येऊन उभे राहिले. मालक म्हणजे दात बनवायच्या या प्रयोगशाळेचे मालक. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्याचे प्रतिस्पर्धी होते आणि ते दोघंही ही गोष्ट कधी काढत नसत. त्यांनी वाकून पाहिलं. "गोंद लावलाय वाटतं. लोकांचं डोकं बघ. उद्या हाडालाही लावतील."

"काढतो," तो म्हणाला.

"काम कोणाचं आहे? सुबक आहे."

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि हे त्याने का म्हटलं याचा त्याला स्वतःलाच पत्ता लागला नाही.

ही कवळी केली तेव्हा त्याची स्वतःची प्रयोगशाळा होती. चार टेबलं, एक भागीदार, आणि दातांवर बसवायच्या धातूच्या टोप्या ओतायची एक परदेशी भट्टी, जी त्या दोघांनी हप्त्यावर घेतली होती कारण विकणाऱ्याने सांगितलं होतं की वर्षात वसूल होईल. वर्षात भागीदार वसूल झाला, म्हणजे त्याने त्याचा वाटा काढून घेतला आणि सासऱ्याच्या दुकानात जाऊन बसला. भट्टी राहिली. मग भट्टीच्या हप्त्यासाठी एक कार्ड, त्या कार्डासाठी दुसरं... एवढं सांगितलं की पुढचं कोणालाही सांगता येईल, त्यात नवीन काही नाही. नवीन एवढंच की एक दिवस अक्का आली. बत्तीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून पाय मोडून घेतलेली, नुकतीच निवृत्त झालेली अक्का, आणि पर्समधून धनादेश काढून तिने प्लास्टरच्या धुळीत तसाच ठेवला. निवृत्तीच्या पैशाचा तिसरा हिस्सा. म्हणाली, "परत कधी देणार ते तू सांगू नकोस आणि मी विचारणार नाही. चालेल ना?" तो हो म्हणाला. त्याला रडू आलं होतं. भट्टी चार महिने आणखी चालली.

मग कर्जदारांना फेडीची योजना आखून देणारी ती संस्था, तो अर्ज. एकूण पाच देणी, त्या पाचांना मिळून महिन्याला एकच रक्कम, ती संस्थेकडे भरायची आणि संस्थेने ज्याच्या त्याच्या प्रमाणात वाटायची. त्या बदल्यात बँकांनी व्याज थांबवायचं आणि फोन करायचे नाहीत. अट एकच, यादी पूर्ण हवी. यादीतल्या सगळ्यांना मिळेल, यादीबाहेर कोणाला काही द्यायचं नाही. चौथ्या पानावर एक रकाना होता — नातेवाईक, मित्र, शेजारी यांचे देणे. त्याने तिथे 'नाही' लिहिलं. फार विचार करून लिहिलं. अक्काला त्या पाच टोणग्यांच्या रांगेत उभं करायचं, तिच्या नावापुढे आकडा टाकायचा, ही कल्पनाच त्याला कशीशी वाटली. बायकोचंही तेच मत पडलं. "वन्संचं कुठे त्यात घालता? त्या काय वसुलीला माणूस पाठवणार आहेत?" लिहिताना आपण काहीतरी चांगलं करतोय असं त्याला वाटलं होतं — हे त्याला आत्ता, गोंद खरवडताना, स्वच्छ आठवलं.

त्यानंतर सगळं सुरळीत चाललं होतं. खरंच सुरळीत. बायकोला योजना मानवली होती. ती दुकानात साबण हातात घेऊन विचारायची, हा कुठल्या खात्यातला, स्वच्छता की किरकोळ? आणि स्वतःच हसायची. बँका अदबीने पत्रं पाठवत होत्या. ज्या बँकेच्या माणसाने एकदा फोनवर त्याच्या आईचा उद्धार केला होता त्याच बँकेने मागच्या वर्षी सहकार्याबद्दल आभार मानले. पाच जणांशी संबंध सुधारले. आणि अक्का... पूर्वी ती नळ गळला तरी फोन करायची. बल्ब बदलायला बोलवायची, कपाट सरकवायला बोलवायची, येताना माझी औषधं घेऊन ये म्हणायची, आणि आला की उशीर केलास म्हणून कान उपटायची. मग हळूहळू तिचे नळ गळेनासे झाले. त्याला वाटलं होतं, आपल्याला त्रास नको म्हणून.

एक वाजता संस्थेचा फोन यायचा होता. वार्षिक आढावा, वीस मिनिटं. तो प्लास्टरच्या खोलीत जाऊन गोणीवर बसला.

सल्लागार मॅडमना त्याने कधी पाहिलं नव्हतं. आवाजावरून त्या चाळिशीच्या असाव्यात आणि त्यांना कायम सर्दी असावी.

"वीज तेवढीच, सर?"

"तेवढीच."

"प्रवास?"

"सायकल घेतलीय. जुनी."

"छान. केस कापणे?"

"बायको कापते."

"मग हे खातं बंद करू का?"

"राहू द्या. तिचा हात अजून बसला नाही."

मॅडम हसल्या, शिंकल्या, पुढे गेल्या. कपडे, औषधं, फोन. तो उत्तरं देत होता आणि उत्तरं देणाऱ्या माणसाकडे थोडं लांबून बघत होता. बरा माणूस आहे, नीटनेटका, फसवाफसवी करणारा वाटत नाही.

"नातेवाईक, मित्र, कोणाचं देणं?" हा प्रश्न त्या नेहमी उत्तर गृहीत धरून विचारत.

"आहे."

कळफलकाचा आवाज थांबला. "नवीन घेतलंत?"

"नाही. जुनं आहे. योजनेच्या आधीचं."

"पण तुम्ही दोनदा..."

"नाही म्हणालो होतो. बहिणीचं आहे."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी इतक्या जणांच्या बहिणी ऐकल्या असणार. त्यांनी समजावलं: बहिणीचं नाव घातलं तर पाचही जणांना नव्याने कळवावं लागेल, प्रत्येकाचा वाटा कमी होईल, उरलेल्या चार वर्षांची पाच वर्षं होतील, आणि एखादी बँक अडून बसली, व्याज पुन्हा सुरू केलं, तर सगळी योजना पहिल्यापासून. हे सांगणं त्यांचं कामच होतं. "दुसरा मार्गही आहे, सर. त्यांनी दोन ओळी लिहून द्यायच्या, हे पैसे मला परत नकोत म्हणून. बक्षीस धरू. बरेच नातेवाईक देतात लिहून. मग यादीला हातच लावायला नको. तुम्ही विचारा त्यांना आणि चारपर्यंत कळवा, मला फाईल आज पुढे पाठवायची आहे."

तो टेबलाशी परत आला. तड्याच्या दोन्ही कडा त्याने घासून ताज्या केल्या, तुकडे जुळवून मेणाने धरले, मागे प्लास्टर ओतलं. प्लास्टर आवळेपर्यंत करायला काही नसतं. तो मनात वाक्यं जुळवत बसला. अक्का, एक कागदाचं काम होतं... अक्का, ती संस्थेची बाई विचारत होती... आणि जुळवता जुळवता त्याच्या लक्षात येत होतं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिचं उत्तर त्याने आधीच घालून ठेवलं होतं. नको रे. राहू दे रे. माझं कुठे काय अडलंय. तिच्या आवाजात, तिच्या त्या हात झटकण्यासकट. त्या उत्तरावर तो भावनावश होऊन दोन शब्द बोलणार होता, तेही तयार होते.

सव्वातीनला त्याने मागच्या जिन्यात जाऊन फोन लावला.

"अक्का, मी."

"बोल. कामावर नाहीस?"

"कामावरच आहे. तुझी कवळी माझ्या टेबलावर आहे."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "माझी कशावरून?"

"सुळ्यावरून."

"तो डॉक्टर तर म्हणाला, बाहेर पाठवतो."

"बाहेर म्हणजे इथेच, अक्का."

ती हसली. दात नसल्यामुळे हसू पोकळ आलं आणि लगेच विरलं. त्याने विचारलं, "माझ्याकडे का नाही आणलीस?"

"दोनदा पिशवीत घातली होती रे. मग म्हटलं, तुला वाटायचं, ही आली निमित्त काढून."

"कशाचं निमित्त?"

"धाकट्या, आता माझ्याकडून वदवून घेऊ नकोस."

मग त्याने सांगितलं. अर्ज, रकाना, 'नाही', दोन वर्षं. सगळं सांगितलं, फक्त पहिला मार्ग सांगताना बँका, व्याज, पाच वर्षं हे शब्द आवाजात जरा जड पडले आणि दुसरा मार्ग सांगताना आवाज मोकळा झाला. "...नाहीतर तू दोन ओळी लिहून द्यायच्या. नकोत म्हणून. मग काहीच बदलणार नाही." आणि तो थांबला. जिन्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीत एक माणूस फाईलींचा गठ्ठा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेत होता.

"महिन्याला किती येतील?" अक्काने विचारलं.

त्याला आधी प्रश्न कळलाच नाही.

"म्हणजे माझ्या वाट्याला. किती?"

"फार नाही. तुझं दुधाचं बिल भागेल एवढे."

"आणि पाच वर्षं."

"हो."

"म्हणजे मी एकोणसत्तरची होईन." ती हिशेब करत असावी. वॉर्डात ती औषधांचे हिशेब असेच करायची, मोठ्याने, कोणाकडे न बघता. "घाल माझं नाव."

"अक्का, बँका अडल्या तर —"

"ते तू बघ. मला लागतात रे पैसे. आजचं नाही सांगत, तीन वर्षं लागतात. पेन्शनमध्ये औषधं कशीबशी बसतात."

"कधी बोलली नाहीस."

"विचारणार नाही असं बोलून बसले होते ना. मग कुठल्या तोंडाने विचारू?" आणि मग, वेगळ्या आवाजात, "तारीख कुठली असते?"

"पाच."

"मग पाचला बघीन मी खात्यात. ठेवते. दूध उतू जाईल."

फोन बंद झाल्यावर तो तिथेच जिन्यात उभा राहिला. आधी राग आला. खरंच आला, तिचाच आला. एवढी घाई काय होती, एकदा तरी नको म्हणायचं, म्हणण्यापुरतं, मी हट्टाने घातलंच असतं नाव. घातलं असतं? समोरचा माणूस आता रिकाम्या हाताने परत चालला होता. घातलं असतं का मी... त्याने प्रामाणिकपणे उत्तर द्यायचा प्रयत्न केला, पण तिचं ते 'नको रे' आड येत होतं. तीन वर्षं ते तिच्याजवळ पडून आहे, हवं तेव्हा उचलता येईल, असं धरून तो चालला होता, आणि पाच टोणग्यांचं देणं फेडताना कधी रात्री जाग आलीच तर तेवढ्यावर त्याला झोप लागली होती. ते तिच्याजवळ नव्हतंच. तिच्याजवळ औषधं होती आणि दुधाचं बिल होतं.

बँका काय म्हणतील याची भीती अजून होती. ती त्याला पाठ होती, तिचं येणं, जाणं, सगळं ओळखीचं. ही दुसरी भीती तिच्या बाजूला येऊन उभी राहिली होती. तीन वर्षांत आपण अक्काला, तुझं कसं चाललंय, असं एकदा तरी विचारलं असेल, असं त्याला वाटत होतं. एखाद्या रविवारी, निघताना, चप्पल घालता घालता का होईना. तो एकेक रविवार मागे जात शोधू लागला. मॅडमना फोन करायला पंचवीस मिनिटं होती. मग वीस. तो अजून एक वर्षही मागे पोचला नव्हता.