क्विगसाहेबांचा डावा कान

डेल्बर्ट क्विगने डोळे मिटले, डाव्या कानावर दोन बोटं टेकवली आणि बर्नी कोव्हालिकचा अख्खा बार चिडीचूप झाला. बर्नीने नळ अर्ध्यात बंद केला. ज्याचा घास तोंडात होता त्याने तो चावायचं थांबवलं.

"दिसतंय," क्विग म्हणाला. "धुकं आहे... पोरगं मागे सरकतंय... बघतंय उजवीकडे... पण चेंडू डावीकडे. लांब. कुणीतरी तो छातीशी धरलाय."

टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू होता आणि खेळाडू अजून घोळका करून उभे होते. मग ते रांगेत आले, चेंडू मागे आला, आमचा नवा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा म्होरक्या, डॅरियन बोशॅम मागे सरकला, त्याने उजवीकडे बघितलं आणि डावीकडे अशी लांबलचक फेक केली की ती थेट धावत्या गड्याच्या छातीवर जाऊन विसावली.

बार नुसता पेटला. घरांची छपरं बसवणारा क्लिफ डॉम्ब्रो, सहा फुटी गडी, डोळे पुसत होता. मी या गावात औषधांचं दुकान चालवतो, त्यामुळे लोक मला डॉक म्हणतात. कुठल्या गोळीने काय होतं आणि काय होत नाही हे रोज बघत असल्याने चमत्कारांशी माझं फारसं जमत नाही. तरी त्या दिवशी माझ्याही अंगावर काटा आला, हे कबूल करायला हवं.

आमचं गाव तळ्याकाठचं, आणि आमचा संघ तासाभरावरच्या शहराचा, स्टोकर्स. त्या वर्षी कोच ल्युबेकने एक धाडस केलं होतं. हॅगन नावाचा जुना, मुरलेला क्वार्टरबॅक बाकावर बसवला आणि संघाची सगळी सूत्रं बावीस वर्षांच्या डॅरियनच्या हाती दिली. पोरगं एका रविवारी स्वर्ग दाखवायचं आणि दुसऱ्या रविवारी प्रतिस्पर्ध्यांच्या हातात चेंडू नेऊन द्यायचं. गावाचे दोन तट पडले. कोच शहाणा की खुळा यावरून शुक्रवारच्या मासळीच्या पंगतीत सख्खे भाऊ पाठ करून बसायला लागले.

अशा वेळी ज्याला पुढचं दिसतं असा माणूस मिळाला तर लोक त्याला डोक्यावर घेणार नाहीत तर काय करणार? क्विग आधी शेजारच्या परगण्यात गाद्या विकायचा. गोल्फच्या मैदानावर त्याच्यावर म्हणे वीज पडली, डावा कान गेला आणि त्या जागी दृष्टी आली. त्याच्या शर्टाच्या खिशात एक डबी असायची आणि तिची वायर कॉलरखालून कानात गेलेली असायची. ते ऐकायचं यंत्र. क्विगसाहेबांच्या अटी फार नव्हत्या. बसायला टीव्हीसमोरची खुर्ची, बर्नीच्या खर्चाने बिअर आणि खिमा-राजम्याची चिली, आणि आत येताना प्रत्येकाने आपला फोन दाराशी टोपलीत ठेवायचा, कारण फोनच्या लहरींनी दृष्टी गढूळ होते. शिवाय आपल्या त्या डाव्या कानाला टेकवलेले नारंगी रुमाल ते विकायचे. क्लिफने घरातल्या सगळ्यांना एकेक घेतला होता, कुत्र्यालासुद्धा.

या सगळ्यात एकच माणूस शांतपणे सूप पीत बसलेला असायचा. व्हर्ना ओर्लिक. जन्मभर गावच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. आज टक्कल पडलेले बाप्येही त्यांना 'बाई'च म्हणतात. बाई डॅरियनच्या बाजूच्या. का, असं विचारलं की म्हणायच्या, "पोरगं चुकतंय, पण दर वेळी नवी चूक करतंय. असा मुलगा मी कधी नापास केला नाही. जुनीच चूक घोकणाऱ्यांना करायचे. विचारा क्लिफला."

एका रविवारी खेळ थांबलेला असताना बाईंनी क्विगला साधा प्रश्न विचारला. "तुम्हाला आत्ताची पुढची फेक दिसते. मग पुढच्या रविवारचा निकाल का नाही दिसत? निदान या सामन्याचा?"

क्विग गोड हसला. "बाई, दृष्टी म्हणजे काही दुर्बीण नाही. ती प्रेमाने येते. जिथे शंका तिथे ती लाजते."

"पुढच्या फेकीला लाजत नाही ती," बाई म्हणाल्या. दोघेतिघे हसले. क्विगच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्या दिवसापासून त्याचं लक्ष टीव्हीपेक्षा बाईंकडे जास्त असायचं.

पुढच्याच सामन्यात बाईंनी पिशवीतून चष्मा काढून नाकावर चढवला. एवढंच. क्विग ताडकन उठला. "चष्मा काढा, बाई. चेंडूवर सावली पडतेय... गेला. दुसऱ्यांच्या हातात गेला." सगळे टीव्हीकडे वळले. थोड्या वेळाने डॅरियनने फेक केली आणि ती खरंच प्रतिस्पर्ध्याने हवेत झेलली. मग बाईंनी सुपात मीठ घातलं, चेंडू सुटला. बाईंनी नाक शिंकरलं, किक हुकली. आता माणूस तीन तास पुतळ्यासारखा बसत नाही, काही ना काही करतोच. पण एवढा विचार करायला सवड कुणाला होती? बारमध्ये एकच शब्द फिरायला लागला: पनवती. आपलं पोरगं वाईट नाही, कोचही खुळा नाही, बाई पनवती आहेत. दोन्ही तटांचं इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच एकमत झालं.

शेवटी बर्नी फडक्याने काउंटर पुसत पुसत बाईंपाशी आला. काउंटर आधीच स्वच्छ होता.

"बाई, राग मानू नका. माझा नाही हो विश्वास. पण गिऱ्हाईकं ऐकत नाहीत. फक्त सीझन संपेपर्यंत..."

"'घनता कळली' असंही तू मला आठवीत सांगितलं होतंस, बर्नी. तेही खरं नव्हतं," बाई म्हणाल्या आणि कोट घेऊन उठल्या.

मी म्हणालो की हे बरोबर नाही. क्लिफने मला सांगितलं, "डॉक, तू गोळ्या वीक." बाई दाराबाहेर जाईपर्यंत एकानेही मान वर केली नाही. मला संताप आला. यांच्यापैकी निम्म्यांना त्या बाईने परीक्षानळी धरायला शिकवली होती.

पुढच्या रविवारी बाहेर बघतो तर बाईंची जुनी गाडी बारच्या अंगणातच उभी, आणि आत बाई, मफलर गुंडाळून. मी सुपाचा वाडगा घेऊन गेलो आणि शेजारी बसलो. विचारलं, एवढ्या थंडीत इथे कशाला, घरी टीव्ही नाही का?

"टीव्ही आहे रे," त्या म्हणाल्या. "भांडायला कुणी नाही. इथून निदान तुमचा आरडाओरडा तरी ऐकू येतो."

मला फार वाईट वाटलं. गाडीचा रेडिओ चालू होता. स्टोकर्सचा म्हातारा समालोचक, ज्याचा आवाज ऐकत आम्ही सगळे वाढलो, घसा फोडून सांगत होता: डॅरियनला फेकायला कुणी सापडत नाही, तो स्वतःच धावतोय, एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, शेवटच्या रेषेपार, टचडाऊन!

मी टाळी वाजवली. बाईंनी खिडकीची काच खाली केली, आतला जल्लोष ऐकायला.

आत शांतता होती. तळ्यावरचे पक्षी ओरडत होते तेवढंच. आम्ही एकमेकांकडे बघितलं. सूप निवायला लागलं. आणि मग एकदम बारच्या खिडक्या थरथरल्या, आतून अशी आरोळी उठली.

"परत बघू," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता, प्रयोगशाळेतला झाला होता. आम्ही परत बघितलं, परत परत बघितलं. दर वेळी आधी रेडिओ, मग अर्ध्या मिनिटाने बार.

"बर्नीने उन्हाळ्यात केबल काढली ना?" बाईंनी विचारलं.

काढली होती. टीव्ही आता इंटरनेटवर चालायचा, चित्र आरशासारखं लख्ख. त्याआधी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे टीव्हीचा आवाज बंद आणि रेडिओ चालू असायचा, कारण टीव्हीवरचे ते परगावचे समालोचक कुणाला सहन होत नाहीत. पण नव्या टीव्हीबरोबर नवे स्पीकर आले आणि बर्नीने जुना रेडिओ त्याच दिवशी भंगारात दिला. दोन्ही एकत्र कुणी ऐकलेच नव्हते.

"इंटरनेटवरचं चित्र तुकड्यातुकड्याने येतं," बाई सांगू लागल्या. "मध्येच अडकू नये म्हणून आधी थोडा साठा करायचा, मग दाखवायचं. त्यात वेळ जातो. रेडिओ सरळ मनोऱ्यावरून येतो. आत बसलेले सगळे होऊन गेलेला खेळ बघतायत, डॉक. आणि एकाच्या कानात वायर आहे."

"म्हणून फोन टोपलीत. नाहीतर गुण आधी फोनवरच दिसले असते," मी म्हणालो.

"म्हणून फोन टोपलीत. आणि एवढी मोठी डबी ऐकायला हल्ली कोण वापरतं? तू औषधवाला, हे तुला दिसायला हवं होतं."

मी दार उघडून निघालोच होतो आत सांगायला. त्यांनी बाही धरली. "नुसतं सांगितलंस तर म्हणतील, पनवती सूड काढतेय. दाखवावं लागेल."

सीझनचा शेवटचा सामना आला. जिंकलो तर बाद फेरीत, हरलो तर घरी. बाई कानांवर जाडजूड लोकरी टोपी ओढून बारच्या दारात उभ्या राहिल्या. बर्नी आडवा आला.

"बाजूला हो. थंडीत बसून बसून मलाही दिसायला लागलंय," बाई म्हणाल्या.

लोक हसले. क्विगही हसला. "येऊ द्या त्यांना. देणगी अशी रस्त्यावर पडलेली नसते, हे त्यांनाही कळू दे."

खेळ सुरू झाला. क्विगने बोटं कानाला लावली. "दिसतंय... धुकं दाटलंय... कुणीतरी अस्वस्थ आहे..."

"मधून धाव. चार यार्ड," बाई हजेरी घ्यावी तशा म्हणाल्या. "एकाचा बूट निघाला."

टीव्हीवर घोळका फुटला, रांग लागली, मधून धाव झाली. चार यार्ड. आमचा एक गडी एका पायात नुसता मोजा घालून उभा होता.

क्विगचं धुकं दाटेपर्यंत बाईंचं सांगून व्हायचं. पूर्वार्ध संपेतो क्लिफने आपली कोंबडीच्या तळलेल्या पंखांची बशी उचलून बाईंसमोर ठेवली होती आणि हळूच विचारत होता, "बाई, माझ्या गुडघ्याचं काही दिसतं का?"

"वजन कमी कर. ते डोळे उघडे ठेवूनही दिसतंय."

मागच्या महिन्यात ज्यांना बाईंचा चष्मा खपत नव्हता, ते आता त्यांनी खुर्ची कुठे ओढावी याची विनवणी करत होते. बाईंनी हे सगळं होऊ दिलं. मग टोपी काढली, कानातली वायर काढली, पिशवीतला रेडिओ काउंटरवर ठेवला आणि आवाज मोठा केला. म्हातारा समालोचक बारभर घुमला: डॅरियन, उजवीकडे छोटी फेक, झेलली, सहा यार्ड. लोक टीव्हीकडे बघत राहिले. तिथे अजून काहीच नव्हतं. मग उजवीकडे छोटी फेक झाली, झेलली गेली, सहा यार्ड.

"क्विगसाहेब, तुमच्या डबीची वायर काढता का?" बाईंनी विचारलं.

क्विगने खिसा घट्ट धरला. क्लिफने दोन बोटांनी वायर उपटली आणि क्विगच्या छातीतून तोच म्हातारा बोलायला लागला. दोन्ही रेडिओ एका सुरात बोलत होते. मग क्लिफने क्विगची कॉलर धरली.

"क्लिफ, सोड त्यांना. खाली बस."

क्लिफ बसला. आठवीची सवय.

"वीज खरंच पडली होती," क्विग पुटपुटला.

"पडली असेल. विजेने कान जातो. पुढचं दिसत नाही," बाई म्हणाल्या. "बसा तुम्हीही. वायरीशिवाय बघा जरा."

त्यांनी दोन्ही रेडिओ बंद केले. क्विग बिचारा आमच्यासारखाच नखं खात बसला.

सामना अगदी शेवटापर्यंत आला. चार गुणांनी मागे, चौथा आणि शेवटचा प्रयत्न, टचडाऊन किंवा काहीच नाही. क्लिफ ओरडत होता, आता तरी हॅगनला आणा. कोच ल्युबेकने हॅगनकडे बघितलंही नाही. चेंडू पोराकडेच आला. डावीकडे गडी मोकळा होता, सगळ्यांना दिसला, बाई उभ्या राहिल्या. डॅरियनने फेकला. चेंडू गड्याच्या हातभर पुढे पडला. सीझन संपला.

आणि बारमधली झाडून सगळी डोकी बाईंकडे वळली.

बाई अजून उभ्याच होत्या, टोपी हातात. त्यांचा चेहरा पडला होता. रेडिओ, डबी, वायर, सगळं डोळ्यांनी बघूनसुद्धा माना वळल्याच. मग बर्नीने मान खाली घातली. मग बाकीच्यांनी, एकेकाने.

"मी उभी राहिले म्हणून चेंडू पुढे पडला?" बाईंनी हळू विचारलं. "त्याचा मागचा पाय टेकलाच नव्हता. अंगावर माणूस आला, पोराने घाई केली. बावीस वर्षांचं आहे ते. शिकेल."

क्लिफ घसा खाकरला. "पण बाई, मग कोचने हॅगनला का नाही आणलं?"

"हां," बाई खाली बसत म्हणाल्या. "हा झाला प्रश्न. ये, बस इथे. का आणायला हवं होतं ते सांग, आणि कारण दे."

बर्नी खुर्च्या उलट्या करेपर्यंत ते भांडत होते. निम्म्यांना पटलं, निम्म्यांना नाही. आमचं पोरगं हरलं, आम्हाला वाईट वाटलं, पुढच्या वर्षीही वाटेल. म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. भांडा, खुशाल भांडा. हरल्याचं कारण पोराच्या पायात शोधा, कोचच्या डोक्यात शोधा, समोरच्या संघाच्या ताकदीत शोधा. शेजारी सूप पीत बसलेल्या बाईत शोधू नका.